आता-की-मघाशी बाई

चष्म्याच्या दुकानात बाई वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. गिऱ्हाईक उंच खुर्चीवर बसायचं, नाकावर जड चौकट चढायची आणि एकेक भिंग बदलत त्या म्हणायच्या, "आता नीट दिसतं, की मघाशी दिसत होतं?" मग उत्तर येईपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. घाईघाईनं 'हो हो' म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याभरात डोकं धरून परत येतं, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

टँगो हा नाच त्यांच्या आयुष्यात आला चौतिसाव्या वर्षी, तोही अचानक. दुकानामागच्या गल्लीत मास्तरांचा नाचाचा वर्ग होता. त्यांचा तयार चष्मा पोचवायला बाई गेल्या आणि दारातच खिळल्या. दहा-बारा जोडपी एकमेकांना छातीशी धरून नुसती चालत होती. पण ते चालणं असं, की कुठला पाय कुणाचा हे सांगता येऊ नये.

घरी येऊन त्यांनी थोरल्या बहिणीला सांगितलं, "ताई, मी नाच शिकणार."

शिवणयंत्रावरची मान वर न करता ताई म्हणाली, "शीक बाई. लहानपणी तुला दोरीच्या उड्यासुद्धा जमल्या नाहीत. आता राहिलेली हौस भागव."

मास्तर म्हणजे जमदग्नीचा अवतार. जमिनीवर खडूनं पावलं आखलेली, हातात वेताची छडी, आणि छडीच्या ठोक्यावर एक ते आठ आकडे. पाचव्या आकड्याला पाय जुळले नाहीत, की पुन्हा पहिल्यापासून. छडी कधी कुणाच्या अंगाला लागली नाही, पण तिच्या नुसत्या आवाजानं माणसांना घाम फुटायचा. बाईंनी एकदाच धीर करून विचारलं, "मास्तर, इथं भार उजव्या पायावरच का ठेवायचा?"

"प्रश्न विचारायचे असतील तर वकिली कर. इथं पाय टाकायचे."

नऊ वर्षं बाईंनी पाय टाकले. घोटे पोलादासारखे झाले, पाठ ताठ झाली. प्रश्न मात्र पोटातच राहिले. दहाव्या वर्षी त्यांनी दुकानावरचा माळा मालकांकडून मागून घेतला. रिकामी खोकी हलवली, फळ्यांची जमीन घासूनपुसून मेण लावून गुळगुळीत केली आणि रविवारी सकाळचा वर्ग सुरू केला.

मास्तरांच्या कानावर गेलंच. "चष्मे पुसता पुसता नाच शिकवणार म्हणे! उद्या माझा न्हावी ऑपरेशन करेल."

हे बोलणं बाईंपर्यंत पोचलं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, त्यामुळे रडायला सवड नव्हती.

पहिला विद्यार्थी एक गवंडी. बायकोनं त्याला जवळजवळ ओढूनच आणलेलं. टँगोत एकानं न्यायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या छातीचा कल ओळखून मागं मागं जायचं. गवंड्यानं न्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पावलाला बायकोच्या अंगठ्यावर उभा राहिला. "बाई, माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझा पाय म्हणजे ओंडका."

बाईंनी संगीत बंद केलं. "सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन उंच फळीवरून कसं चालता, ते दाखवा."

तो चाललाही. गुडघे सैल, तळवा आधी पुढं सरकून फळी चाचपणार, मग सावकाश भार.

"हेच! आता पोत्याच्या जागी मी."

गवंडी असा चालला की त्याची बायको कोपऱ्यातून ओरडली, "बघा, पोत्याची किती काळजी! माझी कधी घेतली नाही एवढी!"

चार पावलांनंतर बाई थांबल्या. हाताची पकड जराशी बदलली, पुन्हा चार पावलं चालल्या. "आता बरं वाटलं, की मघाशी?"

गवंडी विचारात पडला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मघाशी," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

हीच बाईंची पद्धत झाली. चूक सांगायची नाही, दोन गोष्टी करून दाखवायच्या आणि निवडायला लावायचं. लोक त्यांना आता-की-मघाशी बाई म्हणू लागले. माळा भरला. गवंडी तर तीन वर्षांत असा तयार झाला, की नवी माणसं त्याच्याबरोबर चालायला रांग लावायची.

अशात बातमी आली की मास्तर घरातल्या पायरीवरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, वर्ग बंद पडला. बाई दोनदा भेटायला गेल्या. दोन्ही वेळा मास्तर झोपलेत असं दारातूनच कळलं. दुसऱ्या वेळी तर आतून रेडिओचा आवाज येत होता.

वर्षभरानं एका रविवारी मास्तर स्वतःच माळ्यावर आले. एकवीस पायऱ्या, दर तीन पायऱ्यांना विसावा. "नाचायला नाही आलो," खुर्चीत बसत ते म्हणाले, "बघायला आलोय." तासभर त्यांनी सगळ्यांची उणीदुणी काढली. याची मान वाकडी, तिची टाच उचललेली. एकही खोटं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी हात पुढं केला. "चला मास्तर. मी नेते, तुम्ही मागं या."

"चाळीस वर्षं मी नेलंय!"

"म्हणूनच. आता कमरेचा भरवसा नाही. मी धरते."

मास्तर काठी खुर्चीला टेकवून उठले. पहिली काही पावलं म्हणजे नुसती ओढाताण. डोळे मिटूनही ते पुढंच जाऊ पाहत. बाई थांबायच्या, भार बदलायच्या, विचारायच्या. सहाव्या वेळेला मास्तर पुटपुटले, "आता." आणि त्यांचा पाय आपसूक मागं गेला.

खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "मी ओढायचो का गं तुम्हा सगळ्यांना?"

बाईंना खोटं बोलवेना. "हो, मास्तर. पण ओढलंत म्हणून तर हलले."

पुढच्या रविवारपासून मास्तर येतच राहिले, चार वर्षं. आणि बाईंनाही त्यांच्याकडून शिकावं लागलं. वर्गात एक फार बुजरी परिचारिका होती. 'आता की मघाशी' विचारलं की तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं. मास्तरांनी खिशातून खडू काढला, जमिनीवर आठ पावलं आखली आणि म्हणाले, "काही बोलू नकोस. नुसतं यावर चाल." ती चालली. महिन्याभरात न घाबरता हसूही लागली. ती पहिल्यांदा हसली त्या दिवशी घरी बाई ताईला म्हणाल्या, "सगळ्यांनाच विचारायचं नसतं गं."

"हे कळायला तुला म्हातारा लागला होय?" ताई म्हणाली, आणि पानं वाढली.

पुढं मास्तर लेकीकडं राहायला दुसऱ्या गावी गेले. शहात्तराव्या वर्षी त्यांनी तिथं तळमजल्यावर वर्ग काढला. बाई बघायला गेल्या तेव्हा मास्तर अर्धा तास खडूच्या पावलांवर सगळ्यांना घोटवत होते. मग त्यांनी ओलं फडकं मागवलं, पावलं पुसून टाकली आणि म्हणाले, "आता जोडीदाराला विचारा." लोक हसले, चालू लागले. बाई मागच्या बाकावर पाण्याची बाटली उघडत होत्या. तेवढ्यात एका आजोबांनी येऊन नाचायला विचारलं, आणि बाटली तशीच ठेवून त्या उठल्या.