गोधडीच्या दोऱ्याचा जोड

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी शाळेत होते तेव्हापासून म्हणते. मी ते कधी मनावर घेतलं नाही. शिक्षिका झाल्यावर तर तोंडाळपणाचा पगारच मिळू लागला. पण गेल्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या एका खडकावर मी बाबांना एक वाक्य बोलले, आणि ते पुसून निघायला सात महिने लागले. त्या वाक्याची ही हकीगत आहे. तिच्यात मासे फारसे नाहीत.

आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं खारं की डाळ शिजता शिजत नाही आणि लोखंडी बादलीचं बूड दोन पावसाळ्यांत गळून पडतं. समुद्र मात्र आमच्यापासून एक दिवस-रात्रीच्या प्रवासावर. मला कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, "चाल, खाऱ्या पान्याची सवय तं हायेच तुले." अकरा वर्षं झाली, बदलीचे अर्ज भरून भरून हात दुखले, मी अजून तिथंच आहे.

बाबा शेतकरी, पण जीव नदीत. पेरणी-वखरणीतून सुटले की बांबूची काठी घेऊन पूर्णेच्या डोहावर. आई माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात मासा कधी शिरला नाही. अंगणात निंबाखाली तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं जर्मनचं भगुणं, आणि बाबा स्वतः मरळ रांधायचे. आई तेवढा वेळ शेजारी जाऊन बसायची. मी मात्र लहानपणापासून निंबाखालच्या पंगतीतली.

दीड वर्षापूर्वी पोळा झाला आणि आठवड्यानं बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, बोलणं आलं, हात तेवढा राहिला. बोटं हलायची, पण त्यांना काही समजायचं नाही. गरम, गार, टोचलेलं, काहीच नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बोटांना बारीक काम द्या, पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, नंतरचं सांगता येत नाही. आईनं परातीत तूर आणि हरभरा मिसळून निवडायला दिला. बाबांनी परात सरकवून दिली. "मी काय नवी नवरी हावो का, निवडत बसाले?" म्हणाले. मग शर्टाची बटणं, मग पत्त्यांची पानं. सगळं दोन दिवस. ते पहिलं वर्ष सरत चाललं होतं, आणि मला कोकणात बसून दिवस मोजण्याशिवाय काही करता येत नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत निघताना मी आमच्या बंदरावरच्या दुकानातून गळ, तीन जाडींचा तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याला पीळ पडू नये म्हणून पितळी फिरक्या आणि शिशाचे गोळे घेतले. घरी गेल्यावर बाबांसमोर सगळं ओतलं आणि खोटं बोलले, "मले समुद्रावर मासे धरा लागते. शिकून राहिली मी. पण जोड कसा बांधाचा ते काही समजत नाई." गळ, तंगूस, शिसं हे सगळं ज्या क्रमानं बांधतात त्याला बाबा जोड म्हणायचे. काठी कुणीही विकत घेतो, मासा जोडावर येतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाबांनी शिशाचा गोळा डाव्या हातात घेऊन तोलला. "हे काय वं, लिंबाएवढं? याच्या आवाजानंच मासा पयून जाईन."

"लाटा असतात नं बाबा. हलकं शिसं काठावर येऊन पडते."

त्यांनी गोळा खाली ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी शेंगदाण्याएवढं शिसं वापरलं होतं. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि तो बुडाला की ओढायचं, ही त्यांची विद्या. समुद्रात तरंगण्याचं काम नव्हतं, तळाशी बसून राहण्याचं होतं. मी दुकानदारानं सांगितलेलं सांगितलं: सगळ्यात खाली शिसं, त्याच्या हातभर वर एक आखूड फाटा, फाट्याला एकच गळ. नवख्या माणसानं एकच गळ लावावा, दोन लावले की एकमेकांत गुंततात. बाबांनी मान हलवली. "एकच बरा," म्हणाले. "अन् गळ पांढरा घे, कलईचा. काळा खाऱ्या पान्यात सडते. बादलीचं बूड पाह्यलं नाई का?" ही गोष्ट दुकानदारानंही मला सांगितली नव्हती.

मग गाठी सुरू झाल्या. तंगूस गळाच्या डोळ्यातून घालायचा, स्वतःभोवती सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून परत आणायचं, थुंकी लावून आवळायचं. कोरडा आवळला तर तंगूस जळतो आणि तिथंच तुटतो. डोळ्यातून घालणं बाबांना जमेना. गळ उजव्या बोटांत धरला की कुठं आहे तेच कळायचं नाही, पडून जायचा. तिसऱ्या दिवशी आई भाकरी टाकून उठली, हात पुसले, गळ घेतला आणि सुईत दोरा ओवावा तसा तंगूस ओवून दिला. गळ्यातली माळ पदराखाली सरकवून म्हणाली, "माया हातून हे पाप करून घेता तुमी." आणि दुसरा गळ घेतला.

सुट्टी संपेपर्यंत एक जोड झाला. मी गेल्यावर हळूहळू बाकीचे. बाबा ते जुन्या स्लिपरच्या तळव्याभोवती गुंडाळून ठेवत आणि गळाचं टोक रबरात खुपसत. उन्हाळा येईपर्यंत चार जोड झाले होते. त्यातला चौथा त्यांनी एकट्यानं बांधला होता, ओवण्यापासून आवळण्यापर्यंत. आईनं फोनवर तीनदा सांगितलं. मग मीच हट्ट धरला की आता स्वतः येऊन टाका.

मे महिन्यात दोघं अकोल्याहून रेल्वेनं, मग एसटीनं आले. बाबांनी समुद्रावर पोचताच वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतली, थुंकली. "आपल्या इहिरीहून उलिसंकच जास्त हाये," म्हणाले, आणि त्यांची भीती गेली.

खडकाजवळ रोज एक म्हातारे गृहस्थ गरवायला, म्हणजे गळ टाकायला यायचे; गळाला तिकडे गरी म्हणतात. त्यांनी बाबांचा जोड हातात घेऊन निरखला. गाठींचं कौतुक केलं. मग म्हणाले, "शिशाला पण हाच जाड तंगूस? इथं खाली सगळा कातळ. शिशाला बारीक दोरी लावा. अडकला तर शिसा जाऊ दे, गरी परत आली पायजे."

बाबांना हे पटणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे गाठ म्हणजे बैलाच्या दाव्याची. जनावर मरेल, खुंटा उपटेल, पण गाठ सुटली तर बांधणाऱ्याची लाज. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुटासाठीच बांधाची, तं मंग बांधाचीच काहून?" मीही हसले. मलाही ते बरोबरच वाटलं, हे इथं कबूल केलं पाहिजे.

दोन दिवस बरे गेले. बोटभर लांबीचे दोन मासे मिळाले, आईनं आमच्या घरमालकिणीच्या चुलीवर नेऊन दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी चौथा जोड काढला, एकट्यानं बांधलेला. माझ्या रिळाच्या काठीनं डाव्या हातानं फेकला, शिसं चांगलं लांब गेलं. आणि अडकलं.

त्यांनी ओढलं. सैल सोडून ओढलं. जागा बदलून ओढलं. भरती सुरू झाली होती. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी काठी खाली ठेवली, तंगूस उजव्या हाताला दोन वेढे मारून गुंडाळला आणि सगळं अंग मागं टाकून ओढायला लागले. पाणी घोट्यावरून पोटरीला आलं. लाट आली की ते डगमगायचे. मी ओरडत होते, ते ऐकत नव्हते. मग मला त्यांचा हात दिसला. तंगूस तळव्यात रुतला होता, रक्त मनगटावरून खाली चाललं होतं, आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते समुद्राकडे बघत ओढत होते.

गळाला लावायची कोळंबी कापायची सुरी माझ्या हातात होती. मी तंगूस कापला.

बाबा मागं बसलेच. मग उठून माझ्याकडे पाहिलं. "काहून कापला? येत होता."

"हात पाहा आपला! चिरला सारा!" मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. "एका गळापायी जीव देता काय? अन् त्या हाताले काय समजते म्हना! तो काय हात हाये?"

बोलले. शब्द तोंडातून गेले, आणि ते गेलेले मी पाहिले. बाबांनी हात धोतराला पुसला. काठी मीच उचलली. घरापर्यंत बाबा मागं न बघता माझ्या पुढं चालले. आईनं हळद भरली, तेव्हाही ते दुसरीकडे बघत होते. खाऱ्या पाण्यानं ओली झालेली जखम, हळद, आणि चेहऱ्यावर रेषही हलली नाही. ते बघवत नव्हतं मला.

चार दिवसांनी ते परत गेले, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. उरलेले तीन जोड स्लिपरसकट माझ्या खिडकीत ठेवून गेले. स्टँडवर मी म्हणणार होते, बाबा, चुकलं माझं. गाडी लागली, सामान चढवायची घाई झाली, आणि मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घ्या."

त्यानंतर मी फोन केला की आई बोलायची. बाबा काय करतात? "बसून हायेत." हात? "हाये तसाच." पोळा आला. लकव्याला वर्ष झालं. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. मी त्या दिवशी चौथीच्या वर्गाला नकाशा दाखवत होते, आणि पूर्णेवर पट्टी ठेवली तेव्हा मला रडू आलं. पोरांना वाटलं बाई आजारी आहेत. मीच माझ्या हातानं ते काम बंद पाडलं होतं. कापला मी तंगूस, पण तोडलं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. फोन हातात घ्यायचे, नंबर लावायचे, आणि हवापाण्याचं बोलून ठेवायचे. जगाला सुनावताना न अडखळणारी जीभ दोन शब्दांवर अडायची.

त्या दिवाळीला मला निवडणुकीच्या कामामुळे गावी जाता आलं नाही. नाताळाच्या दरम्यान अचलपूरकडचे एक सहशिक्षक घरून परतले. त्यांच्याकडे आईनं तिळाचे लाडू, जवसाची चटणी आणि कापडात बांधलेलं एक पुडकं दिलं होतं. पुडक्यात स्लिपरचा तळवा निघाला, दुसऱ्या पायाचा. त्यावर सात जोड गुंडाळलेले.

मी एक उलगडला. वर जाड तंगूस, फिरकी, आखूड फाटा, पांढरा गळ. खाली शिसं होतं, पण तंगुसानं बांधलेलं नव्हतं. पांढरा, दुहेरी केलेला सुती दोरा होता. आई गोधडी शिवते तो. दुसरा उलगडला, तिसरा उलगडला. सातही तसेच. गाठी वेड्यावाकड्या होत्या. एकीला पाच वेढे, एकीला आठ, टोकं कुठं लांब कुठं आखूड. आईच्या हातच्या असत्या तर एकसारख्या असत्या.

मी आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "मी दोरा देल्ला. हात नाई लावला."

रविवारी सकाळी मी त्याच खडकावर गेले. ओहोटी होती. सुती दोरा फेकतानाच तुटू नये म्हणून बेतानं फेकलं. अर्धा तास काही लागलं नाही. मग ओढायला गेले तर अडकलेलं. मी काठी सरळ धरली आणि मागं सरकत गेले. तंगूस ताणला, अजून ताणला, मग खाली कुठंतरी काहीतरी सुटल्याचं हातांना जाणवलं. रीळ फिरवत आणलं. पाण्यातून पांढरा गळ वर आला, त्याच्या डोळ्याशी बाबांची ती वाकडी गाठ, आणि खाली गोधडीच्या दोऱ्याचं तुटकं, ओलं टोक.

मी तिथंच बसून फोन केला. या वेळी म्हटलं, बाबांकडे दे.

"शिसं गेलं?" मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं.

"गेलं."

"अन् गळ?"

"आला वापस."

पलीकडे अंगणात बकरी ओरडलेली ऐकू आली. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी जे बोलली..."

"धाडून दे तो गळ," बाबा मध्येच म्हणाले. "दोरा लावून देतो. गाठ चांगली हाये, फुकट काहून टाकाची?" मग आवाज जरा खाली आणून, आईनं ऐकू नये असं, "अन् आयक. तुले सांगाचं होतं. सातवा बांधून राहिलो होतो, तं गळ अंगठ्यात गेला. या हाताच्या."

"रक्त आलं काय?"

"रगताचं काय, थे तं तवाबी आलं होतं," बाबा म्हणाले. "दुखलं वं बाई."