आतड्यातले शेजारी आणि आमच्या डाबरेबाई

डॉ. ॲग्नेस डाबरे यांची माझी पहिली भेट त्यांच्या विरारजवळच्या चंदनसारच्या दवाखान्यात झाली. आहारतज्ज्ञ म्हणून माझा तो पहिला दिवस. बाईंनी आधी मला पेशंटांचं शौचालय दाखवलं. म्हणाल्या, "आपला पेशंट आला की आधी हे दार शोधतो. ते स्वच्छ आहे ना, हे रोज तुम्ही बघायचं."

आतड्याच्या दाहाचा आजार माणूस लाजेपायी घरातही बोलून दाखवत नाही. रक्त पडतं, ते मूळव्याध समजून अंगावर काढलं जातं. वसई-विरारच्या गावागावांत जाऊन बाईंनी त्यावर मोकळेपणी बोलायला शिकवलं. त्या समजावत, आतड्यातले जंतू हे आपले जुने शेजारी आहेत. शरीराचा राखणदार बिथरून त्यांच्यावरच धावून जातो आणि त्या मारामारीत घराच्या भिंती सोलून निघतात. म्हणून आधी राखणदाराला शांत करायचं. गोळ्या त्यासाठी असतात.

राजोडीच्या अशाच एका सभेत मी दह्यातल्या चांगल्या जंतूंविषयी उत्साहाने बोलले. गोळ्यांचं नाव काढायचं राहून गेलं. समोर बाईंचे पेशंट सॅबी बसले होते. ते बोटीवर मासेमारीला जात. त्यांनी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या आणि दोन्ही वेळा वाटीभर दही सुरू केलं. महिन्याभरात त्यांना इस्पितळात दाखल करावं लागलं. औषध लागू पडलं नाही तर मोठं आतडं काढावं लागेल, असं सर्जननी सांगितलं.

"मॅडम बोलल्या, चांगले जंतू दह्यात हायत. मंग गोळ्या कशाला, म्हनून सोडल्या," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. मी तिथेच उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगण्यात आम्ही कमी पडलो. तुमची चूक नाही," एवढंच त्या बोलल्या.

बाहेर आल्यावर मी नोकरी सोडण्याचं काढलं. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि उद्या सकाळी त्यांच्या जेवणाचं कोण बघणार?"

रोज सकाळी मी जात राहिले. माझ्याआधीच बाई येऊन बसलेल्या असत. औषध हळूहळू लागू पडलं आणि सॅबींचं आतडं वाचलं. त्यानंतर बाईंनी दवाखान्यात एक रीत घातली. पेशंटाने ऐकलेलं सगळं आपल्या घरच्या बोलीत परत सांगायचं, मगच उठायचं. पहिली पाळी सॅबींची होती.

"राखनदार थंड पायजे, तवा शेजारी नांदतात. दही खायाचं, पन गोळी सोडायची नाय."

"माझ्यापेक्षा बरं सांगतोस की," बाई म्हणाल्या. "उद्यापासून माझ्या खुर्चीत तूच बस."

आज मुंबईची मोठी इस्पितळं आपले पेशंट बाईंकडे पाठवतात, याचा मला अभिमान आहेच. त्याहून मोठा अभिमान हा, की माझ्या चुकीनंतर त्यांनी मला दूर केलं नाही, कामाला लावलं. त्या दिवशी मी घरी गेले असते, तर सांगण्याआधी ऐकायला कधीच शिकले नसते.

बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. पुढची पुष्कळ वर्षं त्यांना धडधाकट प्रकृतीने लाभोत. आम्ही समोर बसून शिकलेलं परत सांगत राहू, आणि चुकलो तर त्यांनी आम्हाला थांबवावं.