काकांची घिरटी

चुकीच्या दाराची बेल आयुष्यात एकदाही न वाजवलेला माणूस अख्ख्या अंधेरीत एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. काका वैमानिक. परदेशातल्या विमानतळांवर शेजारी शेजारी दोन समांतर धावपट्ट्या असतात. तिथे आपली कोणती ते आधी विचारायचं, ऐकलेलं पुन्हा बोलून दाखवायचं आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय उतरायचं नाही, हा त्यांचा धर्म. तेवढं लांब कशाला, समुद्रावरून मुंबईत शिरताना आधी जुहूची आखूड धावपट्टी दिसते आणि मग सांताक्रूझची, दोन्हींची तोंडं जवळजवळ एकाच दिशेला. “शंका आली की नाक वर करायचं आणि घिरटी घालून परत यायचं,” काका म्हणत. “त्यात लाज कसली?”

हा धर्म ते जमिनीवरही पाळत, ही आमची पंचाईत. मावशीने “येताना कोथिंबीर आणा” म्हटलं, की “येताना कोथिंबीर” असं म्हणून ते चपला घालून दारात उभे. ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा मुलुंडला लग्नाला गेलो होतो. एकाच आवारात दोन हॉल, दोन्हीकडे सनई. काका आहेराचं पाकीट घेऊन बाहेर घिरट्या घालत राहिले आणि आम्ही त्यांना हसत आत जाऊन पंगतीला बसलो. दुसरी जिलबी संपता संपता कळलं, की नवरी आमची नव्हे.

त्यांचं स्वतःचं लग्न मात्र या घिरट्यांपायी मोडतच आलं होतं. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट, मी कॉलेजात होतो. मावशीला बघायला ते घाटकोपरला आजोबांकडे येणार होते. तिला आधी दोन-तीन ठिकाणांहून नकार आलेला आणि यांचा फोटो तिला मनापासून आवडलेला, त्यामुळे ती सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हती. आजोबांच्या कॉलनीत समोरासमोर दोन जुळ्या इमारती, आणि रंगकामात दोन्हींचे नंबर पुसले गेलेले. काका फाटकाशी आले, दोन्हीकडे पाहिलं आणि परत फिरले. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारून पुन्हा आले. वाण्याने हात असा केला असावा, की त्यात दोन्ही इमारती मावल्या. पुन्हा फिरले. तिसऱ्यांदाही तेच. गॅलरीतून बघणारे आजोबा भडकले.

“ह्यो झील तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो! ह्येका माझा चेडू देवचा नाय. पोहे आत व्हरा!”

मुलगी द्यायची नाही म्हटल्यावर आजीने पोह्यांच्या बशा उचलल्या. तेवढ्यात मावशी पदर खोचून गॅलरीत गेली आणि साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडली, “अहो! हीच बिल्डिंग! दुसरा मजला, डावीकडचं दार!”

काका थांबले. मान वर करून म्हणाले, “हीच बिल्डिंग. दुसरा मजला, डावीकडचं दार.” आणि उभे राहिले.

आजोबांनी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, “बरोबर!”

मग ते वर आले. पुढे अंधेरीत घर घेतानाही त्यांनी दुसरा मजला आणि डावीकडचं दारच शोधलं. ड्यूटीवरून आले की खालून तेच वाक्य म्हणायचे आणि मावशी हातातलं काम टाकून ‘बरोबर’ म्हणायला गॅलरीत यायची. शेजारी हसायचे. मला तर त्या दोघांचा हेवाच वाटायचा.

गेल्या वर्षी मावशी गेली. परवा मी काकांबरोबर भाजी घेऊन येत होतो. फाटकाशी ते थांबले, गॅलरीकडे पाहत हळूच म्हणाले, “दुसरा मजला, डावीकडचं दार.” मला राहवलं नाही. मी म्हटलं, “बरोबर, काका.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“तू हो पुढे,” म्हणाले, “मी एक घिरटी घालून येतो.”