नदी ओलांडलेलं टर्नटेबल

योशिवारातली इमारत पाडायला काढली, तेव्हा शिगेआकी होसोया यांनी आपलं जॅझ ऐकवणारं कॉफीघर फुजी नदीच्या पश्चिमेला, युइ गावात हलवलं. सामानात अडीच हजार रेकॉर्ड, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि एक पाटी: 'रेकॉर्ड चालू असताना बोलू नये.' नवी खोली निम्म्याने लहान. तीनपैकी एकच टर्नटेबल मावणार होतं. रविवारी दुकान उघडायचं होतं आणि गुरुवार उजाडला तरी कोणतं ठेवायचं ते ठरत नव्हतं.

खरं तर ते ठरलेलंच होतं. ओसाकाहून आणलेलं जुनं यंत्र, ज्यात मोटरच्या पितळी पुलीला टेकलेलं रबरी चाक तबकडी फिरवतं, ते होसोयांनी तेवीस वर्षं वाजवलं होतं. त्यांच्या वहीत त्याच्यापुढे नोंद होती, 'बैठक पक्की. बास जमिनीतून येतो.' पट्ट्यावर फिरणाऱ्यापुढे, 'गोड, पण घाईत.' थेट मोटरवर बसवलेल्यापुढे, 'स्वच्छ, कोरडं, घाईत.'

नदीच्या पूर्वेला वीज पन्नास सायकलची, पश्चिमेला साठची. बाकीच्या दोन यंत्रांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जुन्याची मोटर मात्र विजेच्या सायकलवर वेग धरे, म्हणून त्याची पुली बदलावी लागली. ओसाकाची वीजही साठचीच, आणि तिथली मूळ पुली डब्यात होतीच. ती बसवली आणि जुनं यंत्रही घाईत वाजू लागलं.

होसोयांनी यंत्राखालची फळी बदलली, सुई बदलली, स्पीकर तीनदा सरकवले. मग बायकोकडे, मित्सुएबाईंकडे वळले.

"तू कोळंबीची भजी तळतेस, ती वाफ सुईवर बसते."

"भजी काल तळली. तुमचं रडगाणं सोमवारपासून चालू आहे."

"समुद्राची दमट हवा असेल."

"असेल. नाहीतर माशांनी नजर लावली असेल. अहो, नागाकुरांना बोलवा आणि मला कपबशा लावू द्या."

नागाकुरा पियानो सुरात लावून देतात. पंधरा वर्षं दर बुधवारी ते योशिवाराच्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत. शुक्रवारी आले. एकच पियानोची रेकॉर्ड तिन्ही यंत्रांवर ऐकली आणि खिशातला सूरकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.

"बिघडलेलं काही नाही, मास्टर. आत्ता कुठे सुरात आलंय."

"म्हणजे?"

"तिकडे रेकॉर्डवरचा पियानो सुरातून उतरलेला असायचा. थोडाच, पण रोज. ती पन्नासची पुली कुठून आणली होती?"

"तिथल्याच लेथवाल्याने कातून दिली."

"केसभर बारीक कातली त्याने, म्हणून तबकडी हळू फिरायची. वेग मोजायची रेघांची चकती लावून पाहिली होती?"

"चकती कशाला? मला कान आहेत."

नागाकुरांनी सूरकाटा खिशात टाकला. होसोयांचा चेहरा लाल झाला.

"पंधरा वर्षं! एकदा तरी सांगायचंत!"

"कधी सांगणार? रेकॉर्ड कधी थांबवलीत तुम्ही?"

ते गेल्यावर होसोयांनी वही काढली. तेवीस वर्षांत एकोणतीस यंत्रं मागवून, ऐकून त्यांनी परत पाठवली होती. त्यातल्या सव्वीस यंत्रांपुढे 'घाईत' लिहिलेलं होतं.

"तशीच बारीक पुली पुन्हा कातून घ्या," मित्सुएबाई म्हणाल्या.

"आता कळल्यावर? मुद्दाम चुकीची?"

"मग पट्टावालं ठेवा."

"ते तर पहिल्यापासून..." होसोयांनी वाक्य सोडलं आणि वही बंद केली.

रविवारी जुनंच यंत्र बसलं, ओसाकाच्या पुलीवर, चकतीच्या रेघा स्थिर दिसेपर्यंत तपासून. अकरा गिऱ्हाइकं आली. नागाकुरा कोपऱ्यात बसले. रेकॉर्डची पहिली बाजू अर्ध्यावर आली असेल, तोच होसोयांनी हातातलं फडकं काउंटरवर आपटलं.

"धावतंय! ऐका ना, नुसतं धावतंय!"

अकराही माना वळल्या. नागाकुरांनी डोळे न उघडता पाटीकडे बोट केलं.