घेणाऱ्याच्या हातून

मालबाबू कुठलंही पार्सल एकटे उघडत नसत. बहिणीनं राजूरहून पाठवलेली तांदळाची पिशवी असली, तरी दोन पंच बसवायचे, ती सगळ्या बाजूंनी निरखायची आणि मगच सुतळी कापायची. याला ते ‘ओपन डिलिव्हरी’ म्हणत. तीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी हेच केलं होतं. फुटका माल पंचांसमोर उघडायचा आणि नुकसान कुठं झालं ते लिहायचं. निवृत्त होऊन ते संगमनेरला राहायला आले. संगमनेरला रेल्वे नाही. ती त्यांनी आपल्या माजघरात आणली.

त्यांचा भाचा पश्चिम जर्मनीत नोकरीला होता. तिथल्या एका दुकानातून तो वर्षातून दोनदा आगगाडीचा एक डबा पाठवी. वीतभर लांबीचा, पण खिडक्या, दांड्या, पायऱ्या अगदी खऱ्यासारख्या. खेळणं म्हटलेलं बाबूंना खपत नसे. मी तेव्हा हायस्कुलात मास्तर होतो आणि त्यांच्या समोरच्या खोलीत राहत होतो. एक पंच मी, दुसरे खालच्या दुकानातले रामभाऊ शिंपी.

“बाबू, डबा हाय का दरोड्याचा मुद्देमाल?” रामभाऊ म्हणायचे. “लई कायदा बुवा तुमचा!”

“तुम्ही शिवलेल्या सदऱ्याची बटणं मी मोजून घेतो, तेव्हा बरं कायदा आठवत नाही,” बाबू म्हणायचे.

त्यांच्या वहीत नुकसानीचे तीन रकाने होते: कारखान्यात, वाटेत, घेणाऱ्याच्या हातून. परदेशी माल म्हणून ते काही सोडत नसत. एका डब्याचं चाक डुगडुगत होतं. “जर्मन असलं म्हणून काय झालं? पाय लंगडाच आहे,” म्हणत त्यांनी पहिला रकाना भरला. एकाच्या टपाचा रंग खरवडला होता, तो गेला दुसऱ्यात. आणि एकदा पुसताना त्यांच्याच बोटानं खिडकीची काच तडकली, तेव्हा त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘माझ्या हातून’. खाली पूर्ण सही. मग वहीची नक्कल भाच्यामार्फत दुकानाला जाई. भरपाई मिळो न मिळो, लिहिलेलं खरं असलं की बाबूंना पुरे.

प्रत्येक खोक्यात बांधणाऱ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी असे. ओळीनं चार खोकी चौदा नंबरनं बांधलेली आली. बाबूंना त्या न पाहिलेल्या माणसाचा लळाच लागला. “चौदाचा हात बघा, मास्तर. कागद चारही बाजूंनी सारखा भरलाय. हा गडी आमच्या धक्क्यावर हवा होता.”

बहात्तर साली, दुष्काळाच्या दिवसांत, पाचवं पार्सल आलं. बाबूंचे पाय सुजले होते, म्हणून पोस्टातून ते आणायला त्यांनी मला चिठ्ठी दिली. “हातात धरून आणा हं. सायकलला लावू नका.”

मी कॅरियरला लावलं. शाळेची घंटा गाठायची होती, एवढंच कारण. गल्लीच्या वळणावर खोका घसरून दगडी पायरीवर कोपऱ्यावर आपटला. चेपलेला कोपरा मी अंगठ्यानं बाहेर काढला आणि खोका नेऊन दिला.

संध्याकाळी पंच बसले. बाबूंनी खोका फिरवला आणि त्याच कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

“हा दबलाय. पोस्टात तुमच्या हातात दिला तेव्हा असाच होता?”

रामभाऊ माझ्याकडे पाहत होते.

“असाच होता,” मी म्हणालो.

आत कागद नीट भरलेला होता, चिठ्ठीवर चौदा होतं आणि डब्याचा मागचा आकडा, ज्यात मागून येणारा डबा अडकवायचा, तुटलेला होता. बाबूंनी कागद पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग त्यांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘वाटेत. बांधणी अपुरी.’ मी सही केली.

तीन महिन्यांनी बदली डबा आला. सोबत भाच्याचं पत्र होतं: दुकानानं दिलगिरी कळवली आहे, बांधणाऱ्याची चौकशी केली आहे. चिठ्ठीवर बावीस होतं.

“चौदा कुठं गेला?” बाबूंनी विचारलं. पुढच्या पार्सलात नऊ आला. भाच्याला विचारलं, त्याला काही कळेना. एका रविवारी बाबू कट्ट्यावर बसून म्हणाले, “मी ‘बांधणी अपुरी’ लिहिलं, मास्तर. माझ्या एका ओळीनं त्याची भाकरी गेली असेल का हो?”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सायकल, पायरी, अंगठा.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही काढली, आधीची ओळ एका रेघेनं खोडली, तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. “सही करा.” त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाला खुलासा पाठवला आणि बदली आलेला डबा स्वतः बांधून परत केला. आकडा तुटलेला डबा गाडीच्या शेवटी लागला. त्याच्यामागे काही जोडायचं नसतं.

चहा पूर्वीसारखाच मिळायचा. पण पुढचं पार्सल आलं तेव्हा रामभाऊंबरोबर समोरचे किराणावाले बसले होते. मी माझ्या दारातून पाहिलं. मला हाक आली नाही.

वर्षभरात माझी नेवाशाला बदली झाली. माझ्या भांड्यांची पेटी बाबूंनी हट्टानं स्वतः बांधली. “उघडून काय निघालं ते कळवा,” एवढंच म्हणाले. नेवाशात पेटी उतरवताना घाईत माझ्याच हातून ती निसटली. दोन कपांचे कान गेले. मी कार्ड टाकलं: ‘बांधणी उत्तम. दोन कप फुटले. माझ्या हातून.’

आठ दिवसांत उत्तर आलं: ‘दिवाळीनंतर पार्सल येते आहे. पंच एक कमी आहे. यावे.’

मी गेलो. रामभाऊ म्हणाले, “आलं का मास्तर! या, बसा, तुमची जागा हाय तिथंच हाय.” बाबूंनी सुतळी कापली, वरची चिठ्ठी न वाचता माझ्या हातात दिली. “मोठ्यानं वाचा.”

“एकतीस.”

बाबूंचा टाक क्षणभर वहीवर तसाच राहिला. मग त्यांनी एकतीस लिहिलं आणि वही माझ्याकडे केली.

पुढं दोन वर्षं, बाबू गेले तोवर, मी प्रत्येक पार्सलला नेवाशाहून एसटीनं जात राहिलो. चिठ्ठी नेहमी मीच वाचायची. चौदा पुन्हा कधी आला नाही.