आदमचा रिकामा हात

मोहाचा इतका बारकाईने अभ्यास केलेला आणि तरी रोज त्याला बळी पडणारा माणूस आमच्या समोरच्या घरातल्या काकांखेरीज अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावात सापडणार नाही. जन्म मोटारींच्या पत्र्यांचे साचे बनवण्यात गेला. रिटायर झाले त्याच वर्षी डायबेटिस निघाला, आणि शुगर मोजायचं मशीन घेण्याआधी काकांनी कुठल्याशा गराज सेलमधून एक चित्र आणलं. पाचशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेल्या चित्राची छापील प्रत: झाडाला वेटोळं घातलेला साप, हातात फळ घेतलेली ईव्ह, आणि हात पुढे केलेला आदम. ते थेट डायनिंग टेबलासमोर लागलं. हळदीकुंकवाच्या दिवशी काकूंनी त्या उघड्या जोडप्यावर कॅलेंडर अडकवलं, तर काका भर बायकांत येऊन म्हणाले, "अगं, पानं आहेत त्यांना! नीट बघ."

येणाऱ्याच्या हातात काका भिंग देत. "एकेक रेघ बघ यार. तांब्यात चुकली की अनडू नाही!" तेवढ्यात दुसऱ्या हाताने बर्फी उचललेली असे. काकू ओरडल्या की म्हणत, "फळाची अपेक्षा धरू नये, हे त्या आदमला कुणी सांगितलंच नाही, मी काय करू?"

"अहो, त्याला निदान बायको देतेय. तुम्ही फ्रीजमधून चोरून खाता!"

मी मिठाईचा डबा घेऊन गेलो की स्वागत ठरलेलं. "या नागोबा! दूध घेणार, की आधी डबा उघडायचा?" डबा काकूंसाठी असे, तरी घरी परतल्यावर माझं मन खात राही. शेजारचा कुत्रा खोकला तरी तुला अपराधी वाटतं, असं माझी बायको म्हणते. खरं आहे. डबा नेणं मी थांबवलं नाही, हेही खरं आहे.

मग डॉक्टरांनी बजावलं, शुगर अशीच राहिली तर नजर जाईल. काकांनी थोडे दिवस पथ्य पाळलं, पुन्हा घसरले. डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. भिंग ड्रॉवरमध्ये गेलं.

परवा त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला गेलो होतो. काकू किचनमध्ये होत्या, आणि केकचा एक तुकडा काकांपुढे आलाच. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"नागोबा, आता रेघा दिसत नाहीत रे. सगळं करडं दिसतं. आदमने फळ घेतलंय का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

"नाही काका. हात पुढे आहे, पण रिकामाच आहे."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे अजून वेळ आहे," असं म्हणत त्यांनी प्लेट चाचपडत माझ्याकडे सरकवली.

केक मी खाल्ला. काका त्यांना न दिसणाऱ्या रेघांकडे बघत राहिले.