न वाजलेली शिट्टी

“आधीच ह्यांचं तोंड असलं, त्यात आता शिट्टी मिळालीया,” खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात माझ्या आईला सांगत होत्या. मी दाराच्या आत, एक सँडल पायात आणि एक हातात घेऊन, दोघींचं बोलणं संपायची वाट बघत उभी होते. जिन्यात माणसं असली की मी अशी थांबते. शिट्टी म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीत काकांना मिळालेलं चिन्ह. मागच्या खेपेसारखेच ते ह्याही वेळी अपक्ष उभे होते, आणि काकूंनी अट घातली होती की ही शेवटची खेप. पडलात तर पुन्हा वॉर्डाचं नाव काढायचं नाही, गप घरात बसायचं.

राजारामपुरीतच काय, अख्ख्या कोल्हापुरात शांततेसाठी एवढा आरडाओरडा करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. वॉर्डातला आवाज कमी झाला पाहिजे, एवढंच काकांचं म्हणणं. बाकीचे सगळे प्रश्न त्यांना ह्याच्याच पोटात दिसत. रस्त्यातल्या खड्ड्यांचं विचारलं तर ते समजावून सांगत की खड्डा आला की माणूस ब्रेक दाबतो आणि ब्रेक दाबला की मागचा हॉर्न दाबतो, म्हणून खड्डे बुजवायचे. भटक्या कुत्र्यांची तक्रार आली तर ते कुत्र्यांच्या बाजूनं उभे राहत. “सायलेन्सर काढलेली गाडी अंगावर आली तर मी बी भुंकंन की,” म्हणत. त्यांचं स्वतःचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि तिथं कुणी कर्कश हॉर्न मागितला तर ते त्याला बसवून चहा पाजत, तासभर बोलत आणि रिकाम्या हातानं परत पाठवत. ह्या सगळ्या बोलण्याचा आवाज एवढा असे, की समोरच्या कोचिंग क्लासमधली मुलं खिडक्या लावून घेत. तरुण मंडळाच्या पोरांकडे मतं मागायला गेले आणि साउंड सिस्टिमवरून त्यांनाच झापून आले. पोरांनी वाकून नमस्कार केला, प्रसाद दिला, आणि काका कोपऱ्यावर पोचायच्या आत गाणं मोठं केलं.

अशा माणसाला शिट्टी मिळाली. काकांनी ती पांढऱ्या दोरीत ओवून गळ्यात घातली आणि बरोबरच्या चार मित्रांना बजावलं की शिट्टी दाखवायची, वाजवायची न्हाय. प्रचारफेरीला बाकीच्या उमेदवारांपुढं हलगी कडाडत असे. काकांची फेरी निघाली ती हलगीशिवाय, घोषणांशिवाय, पांढऱ्या टोप्या घालून, खाली मान घालून. गल्लीतल्या दुकानदारांनी एकेक करून शटरं अर्ध्यावर ओढली. एक आजी दारात आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. काकांना भरून आलं. एवढा पाठिंबा त्यांना अपेक्षित नव्हता. त्या आजींनी शेजारणीला हळूच, “कुणाची मयत गं?” असं विचारलेलं मी गॅलरीतून ऐकलं होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी काकूंनीच त्यांना सांगितलं. काका म्हणाले, “पण बघ, मयतीला का असंना, गल्ली गप झालती का न्हाय?”

मला ते आवडायचे त्याचं कारण वेगळं आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो की तू बोलत का नाहीस, इंग्लिश मीडियममधली ना तू. काकांनी हे कधीच विचारलं नाही. एकदा कुणीतरी माझ्या मागं लागलं होतं, तेव्हा ते मध्येच म्हणाले, “असू दे की तिला. वॉर्डात गप बसणारी माणसं बी राहत्यात. त्यांच्या बाजूनं कोण हाय?” मला त्या वेळी आभार मानायचे होते. मी चहाचे कप उचलून आत गेले.

निकाल व्हायचा तोच झाला. काका काकूंची अट पाळतात. वॉर्डाचं नाव काढत नाहीत, आणि जिना उतरताना मला माझ्याच सँडलचा आवाज मोठा वाटतो. पण आठवते ती त्यांची शेवटची कोपरा सभा. माइक न वापरता महिनाभर बोलून त्यांचा घसा पार बसला होता. काकूंनी स्वतः समोरच्या क्लासमधून माइक आणून टेबलावर ठेवला. काकांनी तो हलकेच बाजूला सरकवला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, “मागं ऐकू येतंय का?” एरवी ह्या प्रश्नावर लोक हसत, कारण पलीकडच्या गल्लीतही ऐकू येत असे. त्या दिवशी फक्त ओठ हलल्यासारखे दिसले. मधल्या रांगेतले दोघं उठले, एकानं गाडी सुरू केली. काकांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. एक फुंकर मारली असती तर सगळी गल्ली वळून बघणार होती. त्यांनी ती बोटांत धरली, सोडून दिली आणि पुन्हा तेच विचारलं. काकू जमिनीकडे बघत होत्या. मी सगळ्यात मागच्या रांगेत, पटकन निघता यावं म्हणून कडेच्या खुर्चीत बसले होते. मला खरं तर काहीच ऐकू येत नव्हतं. मी उभी राहिले. पुढच्या सगळ्या माना मागं वळल्या.

“येतंय काका. बोला तुम्ही.”